शहाऐंशी टक्के : एका वाद्याच्या नव्या आवृत्तीविषयी

साहित्याच्या अभ्यासकाला पुनर्मुद्रण आणि संशोधित आवृत्ती यांतील फरक समजावून द्यावा लागत नाही. कोणती प्रत प्रमाण मानावी, लेखकाने उत्तरायुष्यात केलेले बदल स्वीकारावेत की पहिला पाठच खरा धरावा, संपादकाने दुरुस्त्या कोठवर कराव्यात, हे प्रश्न त्याच्या नित्य परिचयाचे असतात. वाद्यांच्या बाबतीत मात्र असे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वाद्य घडवले जाते, वाजवले जाते, जुने होते, आणि त्याच घाटाचे दुसरे त्याच्या जागी येते. मिरजेच्या तंबोऱ्याची 'नवी आवृत्ती' निघत नाही, कारण त्याची घडण खंडित झालेलीच नाही. आवृत्ती काढावी लागते ती मध्ये खंड पडला तर. म्हणूनच जपानच्या कॉर्ग कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये 'एमएस-२० मिनी' नावाचा एक छोटा सिंथेसायझर जाहीर केला, तेव्हा ग्रंथसंपादनातले सगळे जुने वाद एका वाद्यापाशी येऊन थांबले. याच कंपनीने १९७८ साली काढलेल्या आणि १९८३च्या सुमारास बंद केलेल्या 'एमएस-२०'ची ही नवी प्रत होती. आतली विद्युत-मंडले मूळ रचनेबरहुकूम, बाहेरचा देह मूळच्या ८६ टक्के.

हे वाद्य काय आहे, ते आधी थोडक्यात सांगायला हवे. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये तार छेडली जात नाही, की पोकळीत वारा भरला जात नाही. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरावीक वेगाने खाली-वर होतो आणि ते आंदोलन ध्वनिवर्धकापाशी पोचले की आपल्याला सूर ऐकू येतो. आंदोलन निर्माण करतो तो ऑसिलेटर. एमएस-२०मध्ये असे दोन आहेत. त्यांचा कच्चा, करकरीत सूर फिल्टरमधून गाळला जातो आणि शेवटी त्याला कमी-अधिक जोर मिळतो. चढणारा, टिकणारा, विझणारा असा त्याचा जो जीवनक्रम असतो, तोही व्होल्टेजनेच ठरतो. डिजिटल यंत्रात ध्वनी आधी आकड्यांच्या रूपात असतो आणि मग त्याचे विजेत रूपांतर होते. इथे आकडा मध्ये येतच नाही. नॉब फिरवला की सुराच्या वाटेवरची वीजच बदलते.

एमएस-२०चा दर्शनी भाग उभा आहे. डावीकडे नॉबच्या रांगा आणि उजवीकडे भोकांची एक पाटी, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फळीसारखी. या भोकांत लहान वायरी खोचून वाद्याची अंतर्गत वाट बदलता येते. वायर मुळीच न लावता ते वाजते, कारण नेहमीच्या जोडण्या आत केलेल्याच आहेत. वायर लावली की ती ठरलेली वाट मोडते. हे मला व्याकरणासारखे वाटत आले आहे. नियम अंगभूत आहेत, अपवाद हाताने करायचे. त्यात आणखी एक विलक्षण सोय आहे. बाहेरचा ध्वनी, मग तो गिटारचा असो की माणसाच्या गळ्याचा, या वाद्याला देता येतो. त्याची उंची हेरून ते तिचे व्होल्टेज बनवते आणि गाणाऱ्याच्या मागोमाग चालू लागते. ते त्याला नीट साधत नाही. ते अडखळते, चुकीच्या सप्तकात उडी घेते. पण त्याच्या चाहत्यांना त्याचे हे अडखळणेच प्रिय आहे.

कॉर्गच्या जन्माची कथा एका तक्रारीपासून सुरू होते. टोकियोत नाइट क्लब चालवणारे त्सुतोमु काटो आणि तिथे अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे तादाशी ओसानाई यांची ही जोडी. साथीला वुर्लिट्झर कंपनीचे 'साइडमन' हे तालयंत्र होते आणि ओसानाई त्यावर समाधानी नव्हते. यापेक्षा चांगले यंत्र आपण करू, या ईर्ष्येतून १९६२ साली कंपनी निघाली आणि १९६३ साली तिचे पहिले तालयंत्र 'डोंकामॅटिक' बाजारात आले. पुढे फुमिओ मिएदा या अभियंत्याच्या हातून १९७३ साली 'मिनीकॉर्ग ७००' हा सिंथेसायझर घडला. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४पासून सिंथेसायझर बनवायला आरंभ केला होता. १९७० साली आलेला त्यांचा सुटसुटीत 'मिनीमूग' सुमारे दीड हजार डॉलरना मिळे आणि त्याआधीची कपाटाएवढी यंत्रे तर विद्यापीठे वा श्रीमंत स्टुडिओ यांनाच परवडत. कपाटातील वायरींचे स्वातंत्र्य सामान्य वादकाच्या आवाक्यात आणायचे, ही एमएस मालिकेमागची प्रेरणा. म्हणजे एमएस-२० मुळातच एक स्वस्त लोकावृत्ती होती. तिच्या पुनरावृत्तीविषयी बोलताना हे विसरले जाते.

स्वस्तपणाच्या खुणा तिच्या अंगावर होत्या. मूग यांच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. एमएस-२०मध्ये व्होल्टेज थेट कंपनसंख्येच्या प्रमाणात असते, त्यामुळे प्रत्येक सप्तकाला ते दुप्पट करावे लागते. ही रचना करायला सोपी आणि स्वस्त, पण इतर कंपन्यांच्या यंत्रांशी तिचे जुळत नाही. फिल्टरचेही तसेच. त्याचा आराखडा सॅलन आणि की या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९५५ साली मांडलेल्या साध्या मंडलावर बेतलेला होता. पण त्यात 'पीक' नावाचा नॉब वाढवत नेला की काहीतरी अघटित घडते. फिल्टर स्वतःच गाऊ लागतो. गाऊ लागतो म्हणणेही सौम्य झाले, तो किंचाळतो. मिनीमूगचा फिल्टर स्निग्ध, भरदार, काहीसा दरबारी. एमएस-२०चा गावरान, तापट, कधी अंगावर येणारा. 'मिस्टर वाझो' या फ्रेंच संगीतकाराची १९९९ सालची 'फ्लॅट बीट' ही रचना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या वाद्याच्या खर्जाचा फुरफुरता उद्धटपणा परिचित असेल.

या फिल्टरपाशी पाठभेदाचा प्रश्न येतो. १९७८ ते १९८३ या काळात एमएस-२० एकच नव्हता. आरंभीच्या वाद्यांत 'कॉर्ग-३५' नावाचा खास घडवलेला छोटा घटक होता. नंतरच्या वाद्यांत त्याच्या जागी बाजारात मिळणारी चिप वापरून वेगळे मंडल बसवले गेले. पहिल्याचा आवाज अधिक आक्रमक आणि त्यात खरखर जास्त. दुसऱ्याचा काहीसा सभ्य. बाहेरून दोन्ही वाद्ये सारखीच दिसत. २०१३ साली पुनर्निर्मिती करताना कोणता पाठ घ्यावा? कंपनीने पहिला घेतला. संपादनशास्त्राच्या कसोटीवर हा निर्णय रोचक आहे. निर्मात्याचा अंतिम हेतू प्रमाण मानायचा, तर दुसरा फिल्टर घ्यायला हवा होता. ती निर्मात्यांनीच केलेली सुधारणा होती. पण मधल्या पस्तीस वर्षांत रसिकांनी आपला कौल पहिल्याला दिला होता. संहितेचा इतिहास लेखकापाशी संपत नाही, तो वाचकाच्या हातात जातो, हे आपण ग्रहणसिद्धान्ताच्या वर्गात शिकवतो. इथे एका कारखान्याने ते मुकाट्याने मान्य केले होते.

मध्ये खंड का पडला, हेही पाहिले पाहिजे. एमएस-२० निघाला त्याच वर्षी, १९७८ साली, कॅलिफोर्नियात डेव्ह स्मिथ यांनी 'प्रॉफेट-५' आणला. त्यात एका वेळी पाच सूर वाजत, आणि मुख्य म्हणजे वादकाने रचलेला ध्वनी वाद्याच्या स्मृतीत साठवून एका बटणासरशी परत आणता येई. एमएस-२०ला स्मृती नाही. काल रचलेला ध्वनी आज हवा असेल, तर प्रत्येक नॉब आणि प्रत्येक वायर पुन्हा तशीच लावावी लागते, आणि तरीही तो किंचित वेगळा येतो. १९८३ साली यामाहाचा 'डीएक्स-७' आला. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालणारा हा डिजिटल सिंथेसायझर घंटानाद, पितळी वाद्ये, विजेवरचा पियानो हे सारे स्वच्छ आणि अचूक देई. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना जोडणारी 'मिडी' ही समाईक भाषा रूढ झाली. अ‍ॅनालॉग वाद्ये एकाएकी अडगळ झाली. जुन्या बाजारात ती मातीमोलाने विकली गेली, आणि ज्यांच्यापाशी नवे घ्यायला पैसे नव्हते अशा तरुणांच्या हाती पडली.

या मातीमोल अवस्थेतच त्यांचा दुसरा जन्म झाला. याचे सर्वांत बोलके उदाहरण एमएस-२०चे नाही, ते रोलँड कंपनीच्या 'टीबी-३०३'चे आहे. हे छोटे चंदेरी यंत्र १९८१ साली गिटारवादकाला बास गिटारची साथ देण्यासाठी निघाले. त्यात त्याला यश आले नाही आणि १९८४पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. शिकागोतील 'फ्यूचर' या गटाने ते अल्प किमतीत मिळवले, चालू सुरावटीतच त्याचे नॉब पिळत नेले, आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना बाहेर आली. 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताचा आरंभ तिच्यापासून मानला जातो.

परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच टीबी-३०३, रोलँडचेच टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एचएमव्हीची तबकडी त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती युरोपातून पुनःप्रकाशित झाली आणि समीक्षक चकित झाले. शिकागोच्या आधी मुंबई, अशी वाक्ये लिहिली गेली. मला या अग्रक्रमाच्या वादात फारसा रस नाही. मुंबईचा शिकागोवर प्रभाव पडला असे म्हणायला आधार नाही, आणि सिंग यांचा हेतूही निराळाच होता. अधिक अर्थपूर्ण गोष्ट वेगळी आहे. टीबी-३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. बास गिटारची नक्कल म्हणून दिलेली ही सोय रागाच्या संदर्भात मींडेची जागा घेऊ पाहते. ती जागा पूर्ण भरून येत नाही, कारण घसरणीचा वेग यंत्रच ठरवते. पण भैरवी किंवा ललत ऐकताना त्या घसरणीला एक अर्थ प्राप्त होतो, जो तिच्या निर्मात्यांच्या मनात नव्हता. युरोपीय दिवाणखान्यांसाठी घडलेल्या ऑर्गनने मराठी संगीत नाटकात घर केले, तेव्हाही असेच काही घडले असावे. वाद्याचा अर्थ कारखान्यात पुरता ठरत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. एमएस-२०वर एका वेळी एकच सूर निघतो. पाश्चात्त्य परीक्षणांत याची नोंद उणीव म्हणून होते, आणि ती तिथे योग्यच आहे. रागसंगीतावर पोसलेल्या कानाला ती उणीव वाटायचे काही कारण नाही. उलट वाद्य सुरू केल्यावर ते तापेपर्यंत सूर ढळत राहतो, पुन्हा लावून घ्यावा लागतो, यात त्याला ओळखीचेच काही सापडेल.

पुनरावृत्तीच्या दोन वाटा होत्या. एक नकलेची. २००४ साली कॉर्गनेच एमएस-२०चे संगणकीय रूप काढले आणि त्यासोबत नियंत्रणासाठी मूळ वाद्याची छोटी प्रतिकृतीही दिली. तिच्यावर नॉब होते, वायरी होत्या, पण आतून सूर वाहत नव्हता. ती संगणकाला केवळ आकडे कळवी. रोलँडनेही २०१६ साली टीबी-३०३चा 'टीबी-०३' हा लहान अवतार काढला, तो डिजिटल गणितावर चालणारा. दुसरी वाट म्हणजे मंडलच पुन्हा उभारण्याची. कॉर्गने २०१० साली 'मोनोट्रॉन' नावाचे तळहातावर मावणारे यंत्र काढून या वाटेवर पहिले पाऊल टाकले. त्यात एमएस-१० आणि एमएस-२० यांचाच फिल्टर होता, आणि कंपनीने त्याचा आराखडाही खुला केला. तात्सुया ताकाहाशी या तरुण अभियंत्याचे नाव या छोट्या यंत्रांशी जोडले गेले. त्या खेळण्याला मिळालेल्या प्रतिसादातून हे उघड झाले, की आकड्यांच्या जगात वाढलेल्या पिढीला विजेला हात लावायचा आहे.

मग २०१३चे मिनी. यात विशेष असे, की मूळ एमएस-२० घडवणाऱ्या अभियंत्यांना कंपनीने या कामासाठी पुन्हा बोलावले. बोर्हेसच्या १९३९ सालच्या कथेतला पिएर मेनार 'डॉन किहोते' शब्दशः पुन्हा लिहू पाहतो, आणि तेच शब्द वेगळ्या शतकात वेगळा अर्थ धारण करतात. इथे तर तीनशे वर्षांनंतरचा परका लेखक नव्हे, खुद्द सर्व्हांतेसच पस्तीस वर्षांनी आपली संहिता पुन्हा लिहायला बसला होता. तो काय बदलील? त्याने जे बदलले ते व्यवहारापुरते. सुटे भाग आता यंत्राने चिकटवलेले आणि सूक्ष्म, वायरींची भोके ६.३५ऐवजी ३.५ मिलिमीटरची, पट्ट्या अरुंद, मागे मिडी आणि यूएसबी. पट्ट्या मात्र पूर्वीसारख्याच सदतीस. आणि जे बदलले नाही ते पाहण्यासारखे आहे. व्होल्टेजची ती गैरसोयीची, इतरांशी न जुळणारी पद्धत तशीच ठेवली. स्मृती दिली नाही. सोयीचे दोन-चार बदल सहज करता आले असते, पण मग ती संहिता राहिली नसती, रूपांतर झाले असते. मूळ प्रतीतले व्याकरणदोष जपणाऱ्या संपादकाचाच हा विवेक.

अरुंद पट्ट्यांविषयी वादकांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. बोटांना सवय असते, आणि ८६ टक्के बोटे कोणाला नसतात. पण सुमारे सहाशे डॉलरची किंमत या लहानपणामुळेच शक्य झाली असावी. दुर्मिळ झालेल्या मूळ वाद्यांची किंमत तोवर बरीच चढली होती.

या ओढीला सरसकट गतकातरता म्हणण्याचा मोह होतो. समीक्षकांनी तसे म्हटलेही आहे. भांडवली बाजार आठवणींचा माल करतो, हे सूत्र हाताशी तयारच असते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. जुने रंग, जुनी अक्षरे यांची विक्री होतेच. परंतु हे वाद्य ज्या वयाच्या मुलामुलींना हवेसे वाटले, त्यांतील पुष्कळांचा १९७८ साली जन्मही झाला नव्हता. ज्याची आठवण नाही त्याचा विरह कसा होईल? वाल्टर बेन्यामिनने १९३५-३६च्या सुमारास लिहिले, की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे वलय क्षीण होते. एमएस-२०ला आरंभी वलय नव्हतेच. तो कारखान्यातून शेकड्यांनी निघालेला माल होता. वलय त्याला टंचाईने दिले, म्हातारपणाने दिले. जुने कपॅसिटर सुकल्यामुळे प्रत्येक जुने वाद्य आज थोडे निराळे बोलते, आणि त्या निराळेपणालाच पुष्कळ जण मूळ मानतात. मिनी त्या वार्धक्याची नक्कल करत नाही. तो १९७८ साली खोक्यातून नुकत्याच निघालेल्या वाद्यासारखा वाजू पाहतो. जुन्या वाद्याचा मालक आणि मिनीचा मालक 'मूळ' हा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

माझ्या मते ओढीचे कारण स्मृतीच्या अभावात शोधले पाहिजे. आजच्या संगणकावर हजारो तयार ध्वनी असतात. वादक त्यांतून निवड करतो, म्हणजे वाचकाच्या भूमिकेत जातो. एमएस-२०समोर बसलेल्याला निवडायला काही नसते. त्याला वाक्य रचावे लागते, आणि दर्शनी भागावर सगळे व्याकरण एकाच वेळी दिसत असते. पडद्याआड लपलेली पाने नाहीत. प्रत्येक नॉबला एकच काम. चुकीची वायर लावली तर वाद्य बिघडत नाही, अनपेक्षित बोलते. ही अनपेक्षितता स्वतंत्र निर्मितीची हमी नव्हे, हेही म्हटले पाहिजे. या वाद्यावर कंटाळवाणे संगीत विपुल झाले आहे. पण ते कंटाळवाणेपण ज्याचे त्याचे असते.

आणि कोणाच्या हाती वाद्य पडते, याचा इतिहास आपल्यापासून फार दूर नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. तिथे कपाटाएवढा मूग होता. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. पुढे ते थांबले आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ साली 'द एनआयडी टेप्स' या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना जाणवते की उणीव प्रतिभेची नव्हती. एकच यंत्र, एकच खोली, मोजकी माणसे. ज्या शहरात दुसरे यंत्र नाही तिथे परंपरा कशी निर्माण व्हावी? चरणजित सिंग यांचा प्रयोगही असाच एकाकी राहिला.

मिनीनंतर वर्षभराने, २०१४ साली, कॉर्गने एमएस-२० पूर्ण आकारात, सुट्या भागांच्या रूपात काढला. झाळकाम न करता तो घरी जोडायचा होता. या संचात दोन्ही फिल्टर होते, पहिलाही आणि नंतरचाही, आणि कोणता वापरायचा हे जोडणाऱ्याने ठरवायचे होते. पाठभेद तळटीपेत न टाकता संहितेतच ठेवले होते. स्मृती मात्र यालाही नव्हती. रचलेला ध्वनी टिपून ठेवायचा, तर १९७८ सालासारखाच दर्शनी भागाचा नकाशा कागदावर काढून त्यावर नॉबचे काटे आणि वायरींच्या रेघा पेन्सिलीने ओढाव्या लागत.